चालक नसलेली गाडी, न दिसणारी बाई

चालकाशिवाय चालणाऱ्या मोटारी हा विषय आपल्या अंकात कशाला, असे काही मैत्रिणींना वाटेल. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या कितीतरी पाड्यांवर अजून चालक असलेली एस.टी.सुद्धा पोहोचत नाही. पावसाळ्यात आजारी बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. अशा भागात काम करणाऱ्या कार्यकर्तीने परदेशातल्या स्वयंचलित गाड्यांवर लिहावे हे चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. तरीही लिहिते आहे, कारण या गाड्यांमागचा प्रश्न यंत्रापेक्षा कामाचा आहे. काम कोण करते, ते कोणाला दिसते, आणि चूक झाली की कोणाला धरले जाते, हे प्रश्न स्त्रियांची चळवळ पहिल्यापासून विचारत आली आहे.

आधी या गाड्या चालतात कशा ते पाहू. अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस या शहरांत ‘वेमो’ कंपनीच्या आणि चीनमध्ये वुहानसारख्या शहरांत ‘बायडू’ कंपनीच्या टॅक्सी चालकाशिवाय प्रवासी नेतात. गाडीवर कॅमेरे, रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारी साधने बसवलेली असतात. समोर काय आहे हे संगणक ओळखतो आणि त्याप्रमाणे चाक वळवतो, ब्रेक लावतो. आपल्या देशात दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० रोजी पहिली चालकविरहित गाडी सुरू झाली. मुंबईच्या मेट्रो २अ आणि ७ या मार्गांवरच्या गाड्याही चालकाशिवाय धावू शकतील अशाच बांधलेल्या आहेत. मेट्रोचा मार्ग मात्र बंदिस्त असतो. उघड्या रस्त्यावर गुरे असतात, हातगाडी असते, शाळेतून सुटलेली पोरे असतात. तिथे यंत्राची खरी परीक्षा असते.

या परीक्षेत यंत्राच्या पाठीशी पुष्कळ माणसे उभी असतात. पहिली म्हणजे यंत्राला शिकवणारी. रस्त्यांची लाखो चित्रे समोर घेऊन कोणीतरी एकेका वस्तूभोवती रेघ ओढून सांगते : हा माणूस, ही सायकल, हे झाड. दुसरी म्हणजे चाचणीच्या काळात गाडीत बसून नजर ठेवणारी. तिसरी म्हणजे दूरच्या एखाद्या खोलीत पडद्यासमोर बसलेली. रस्ता खणलेला असला, पोलीस हाताने खुणा करत असला आणि गाडी गोंधळली, तर ती या माणसांना विचारते. आमची माणसे दुरून गाडी चालवत नाहीत, फक्त गाडीच्या प्रश्नांना उत्तरे देतात आणि शेवटचा निर्णय गाडीची यंत्रणा घेते, असे ‘वेमो’ सांगते. ‘व्हे’ ही जर्मन कंपनी तर दूरच्या खोलीत चाक आणि ब्रेक बसवून तिथून खरोखरच गाडी चालवते. अमेरिकेत लास व्हेगासला २०२४ पासून ती सेवा सुरू आहे. चौथी माणसे गाड्या धुणारी, चार्ज करणारी, अडकलेली गाडी जाऊन सोडवून आणणारी.

म्हणजे ‘आपोआप’ हा शब्द फसवा आहे. आपण बायकांनी तो ओळखायला हवा, कारण आपल्या घरात रोज कितीतरी गोष्टी ‘आपोआप’ होत असतात. पाणी आपोआप भरलेले असते, भाकरी आपोआप टोपल्यात येते, म्हातारीचे औषध आपोआप वेळेवर दिले जाते. ज्याचे काम दिसत नाही त्याला मजुरी नाही, रजा नाही, मान नाही. काम राहिले तरच बाई दिसते, तीही बोलणी खाण्यापुरती.

दुरून वाहनाला मदत करण्याचे काम आपल्या भागात नवे नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिचे केंद्र पुण्यात उभारले गेले. फोन दूरच्या केंद्रात लागतो, तिथून गाडी निघते. पण डोळखांब किंवा टोकावड्याच्या आत असलेल्या पाड्याला रस्त्याचे नाव नसते, घराला क्रमांक नसतो. ‘मोठ्या उंबरापासून डावीकडे, ओहळ ओलांडला की तिसरे घर’ हा आमचा पत्ता. केंद्रातला माणूस आणि गाडीचा चालक यांना तो पत्ता समजावून सांगते आशाताई. रात्री विजेरी घेऊन फाट्यावर उभी राहतेही तीच. गाडी वेळेवर पोहोचते त्यात पडद्यावरच्या नकाशाचा वाटा आहे, तसा या विजेरीचाही आहे. सरकारच्या लेखी मात्र आशा ही कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, मोबदला मिळतो. दूरच्या पडद्याला जवळची बाई लागते आणि तिचीच गणती होत नाही, हे आपण आजच पाहतो आहोत.

किन्हवलीकडच्या एका बचत गटाच्या बैठकीत मी या गाड्यांविषयी सांगत होते. बायकांनी हसून घेतले. मग एकीने विचारले, “ताई, गाडीत डायवरच नाय, तर कोणाला उडवलं तर शिव्या कोणाला घालायच्या?” मला वाटते, या विषयावरचा सर्वांत नेमका प्रश्न हाच आहे. त्याचे उत्तर एका खऱ्या घटनेत मिळते.

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टेम्पी या गावी ४९ वर्षांची एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. ‘उबर’ कंपनीच्या चाचणीसाठी निघालेल्या स्वयंचलित गाडीने तिला धडक दिली आणि ती मरण पावली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेल्या चौकशीत असे आढळले की, धडकेच्या ५.६ सेकंद आधीच गाडीच्या यंत्रणेला समोर काहीतरी असल्याचे कळले होते. पण ते काय आहे हे ठरेना. कधी वाहन, कधी ‘इतर वस्तू’, कधी सायकल असे ती बदलत राहिली. ओलांडण्यासाठी आखलेल्या पट्ट्यांवाचून कोणी पायी रस्ता ओलांडेल, हा विचारच त्या यंत्रणेच्या रचनेत केलेला नव्हता. गाडीत मूळची संकटकाळी ब्रेक लावणारी सोय होती. संगणक गाडी चालवत असताना ती बंद ठेवलेली होती.

गाडीत नजर ठेवायला एक कर्मचारी होती. तीही स्त्री. त्या वेळी तिचे लक्ष मोबाइलवरच्या कार्यक्रमाकडे होते. मंडळाने अपघाताचे पहिले कारण हेच दिले, आणि ते खोटे नाही. पण त्याच अहवालात कंपनीची धोक्यांची अपुरी तपासणी आणि कर्मचाऱ्यांवरची ढिली देखरेख हीही कारणे दिलेली आहेत. पूर्वी या कामावर दोन माणसे असत. अपघाताच्या काही महिने आधी कंपनीने त्यांतले एक कमी केले होते. पुढे काय झाले? २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी गुन्ह्याला आधार नाही असे सांगितले. २०२० मध्ये त्या कर्मचारी स्त्रीवर निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा आरोप ठेवला गेला. २०२३ मध्ये तिने धोका निर्माण केल्याचा गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. रस्त्यावर एक बाई मेली, गाडीतल्या बाईला शिक्षा झाली. ज्यांनी यंत्र घडवले, माणूस कमी केला, ब्रेकची सोय बंद ठेवली, त्यांच्यापर्यंत फौजदारी कायदा पोहोचलाच नाही.

त्या कर्मचारी स्त्रीचे काही चुकलेच नाही असे मला म्हणायचे नाही. पण जे काम माणसाला नीट जमूच शकत नाही, ते तिच्यावर सोपवले कोणी? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज या विदुषीने १९८३ मध्येच स्वयंचलनातल्या विसंगतींवर निबंध लिहून दाखवून दिले होते की, सगळे सुरळीत चाललेल्या यंत्राकडे माणूस तासन्‌तास सावधपणे बघत राहू शकत नाही. आणि यंत्र जितके जास्त आपोआप चालेल, तितके नेमके अवघड क्षण माणसाच्या वाट्याला उरतात. आठ तास काही करायचे नाही आणि एका क्षणात सगळे करायचे, अशी ही नोकरी आहे. घरी आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसलेल्या बाईचा डोळा लागला की जे बोलणे ऐकावे लागते, त्याचीच ही नवी तऱ्हा.

पडद्यामागच्या कामाच्या मर्यादाही समोर आल्या आहेत. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माणसाने चालवलेल्या एका गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या बाईला धडक दिली आणि ती गाडी पळून गेली. ती बाई ‘क्रूझ’ कंपनीच्या चालकविरहित गाडीपुढे फेकली गेली. ती गाडी तिला धडकून थांबली खरी, पण मग रस्त्याच्या कडेला जाण्यासाठी पुन्हा निघाली आणि खाली अडकलेल्या बाईला सुमारे २० फूट फरफटत नेले. गाडीखाली माणूस आहे हे यंत्राला कळले नाही, आणि खाली उतरून वाकून बघणारे गाडीत कोणी नव्हते. कॅलिफोर्निया राज्याने त्या कंपनीचा चालकविरहित गाड्यांचा परवाना थांबवला. पुढच्याच महिन्यात, गाड्यांना चालू वेळेपैकी दोन ते चार टक्के वेळ दूरच्या माणसांची मदत लागते, असे कंपनीच्या प्रमुखाने सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच शहरात मोठ्या भागाची वीज गेली, सिग्नल बंद पडले, आणि ‘वेमो’च्या कितीतरी गाड्या चौकांत अडकल्या. एकाच वेळी सगळ्या गाड्या दूरच्या माणसांकडे विचारणा करू लागल्या. जिथे वीज जाणे ही बातमीसुद्धा होत नाही, अशा आपल्या भागात हे वाचून कोणाच्याही मनात पुढचा प्रश्न येईलच.

या गाड्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. आपल्या देशात माणसांनी चालवलेल्या गाड्यांमुळे २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. दारू पिऊन, झोपेत, पैजेने गाडी हाकणारा पुरुष चालक आपल्याला नवा नाही. रात्री एकट्या बाईला अनोळखी चालकाच्या गाडीत बसायला जी भीती वाटते, ती चालकच नसला तर कमी होईल, असे काही जणी म्हणतात. यात तथ्य आहे. पण सप्टेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काय घडले तेही पाहावे. ‘वेमो’च्या गाडीत एक बाई एकटी बसली होती. दोन पुरुष गाडीपुढे येऊन उभे राहिले आणि तिचा फोन नंबर मागू लागले. समोर माणूस असला की थांबायचे, हे गाडीला शिकवलेले होते; त्यामुळे ती मुकाट्याने उभी राहिली. कंपनीच्या माणसाने फोनवरून तिची विचारपूस केली. पण त्यांच्यापुढून गाडी काढणे काही कोणाला जमले नाही. छेडछाड करणाऱ्याला यंत्र ओळखत नाही. यंत्राच्या लेखी तोही एक पादचारीच.

आपल्या देशात १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि संकटाचे बटण सक्तीचे आहे. रिक्षांना त्यातून वगळले आहे. आपल्याकडच्या बायका मुख्यतः कशातून प्रवास करतात? आटगाव, आसनगाव, सरळगाव, धसई, कुठेही पाहा : कोंबून भरलेल्या शेअर रिक्षांतून. म्हणजे जिथे बाई बसते तिथे बटण नाही. आणि जिथे बटण आहे तिथे ते दाबल्यावर पलीकडे कोण बसले आहे, त्याला किती गाड्यांवर लक्ष ठेवायचे आहे, जवळच्या पोलिसाला पाठवण्याचा अधिकार त्याला आहे का, हे प्रवासी बाईला कधी सांगितले जाते का? बटण हे साधन आहे. सुरक्षा देतो तो पलीकडचा माणूस.

आता हे सगळे आपल्यापर्यंत येणार कसे? केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले की, चालकांचे रोजगार जातील म्हणून चालकविरहित मोटारी भारतात येऊ देणार नाही. गाड्या येवोत न येवोत, त्यांच्यामागचे काम मात्र केव्हाच आले आहे. कोलकात्याजवळच्या मेटियाब्रुझ या गरीब मुस्लिम वस्तीत ‘आयमेरिट’ कंपनीच्या केंद्रात तरुण मुली संगणकावर चित्रांना खुणा करण्याचे काम करत आल्या आहेत; कंपनीच्या कामांत स्वयंचलित गाड्यांसाठीच्या चित्रांचाही समावेश आहे. झारखंडमधल्या एका आदिवासी बाईने असे काम करण्यावर अरण्य सहाय यांनी ‘ह्यूमन्स इन द लूप’ हा चित्रपट २०२४ मध्ये काढला. गावात काम मिळाले, मुलीच्या हातात पैसा आला, ती घराबाहेर पडली, याचे मोल मी कमी लेखत नाही. शहापूरच्या मुली पहाटेची लोकल पकडून कल्याण-ठाण्याला दुकानांत आणि कारखान्यांत उभ्याने दिवस काढतात. मुरबाडला तर रेल्वेच नाही. अशा वेळी बारावी झालेल्या मुलीला ‘घरबसल्या संगणकाचे काम’ मिळाले तर घरचे खूश होतीलच. पण ‘घरबसल्या’ या शब्दाचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. विड्या, पापड, शिवणकाम ही कामेही घरबसल्याच होती. नगावर मजुरी, मालक अनोळखी, आणि दिवसभराचे घरकाम त्यावर वेगळे.

रस्त्याच्या बाजूनेही हा प्रश्न आपल्या दारात आहे. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तो बांधताना १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे सरळांबे येथे गर्डर उचलणारे यंत्र कोसळून २० जण मृत्युमुखी पडले, हे आपण विसरू नये. उद्या कोठे आपोआप चालणाऱ्या गाड्या धावल्याच, तर त्या आधी अशाच रुंद, कुंपण घातलेल्या रस्त्यांवर धावतील. तिथून त्या मुंबई-नाशिक महामार्गावर आणि कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर येतील. त्या रस्त्यांवर डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली कातकरी बाई आहे. हंड्यावर हंडा, काखेत पोर घेऊन ओलांडणारी ठाकर बाई आहे. तिच्यासाठी आखलेले पट्टे कुठे आहेत? टेम्पीच्या यंत्राला हातात सायकल धरलेली बाई ओळखता आली नाही. दूरच्या देशांतल्या चित्रांवर शिकलेल्या यंत्राला मोळीखालची बाई ओळखता येईल का? ती चित्रे जमा करताना आणि त्यांवर खुणा करताना तिला कोणी विचारले आहे का?

म्हणून मला वाटते, यंत्र नको अशी हाकाटी करण्यात अर्थ नाही, आणि प्रगती आली म्हणून ओवाळण्यातही नाही. आपल्या गटांनी काही मागण्या आताच स्पष्ट करून ठेवाव्यात.

पहिली : जबाबदारी मालकाची. जर्मनीने २०२१ मध्ये कायदा करून अशा गाडीवर देखरेख ठेवणारी, ती बंद पाडू शकणारी व्यक्ती बंधनकारक केली. ब्रिटनने २०२४ च्या कायद्यात, गाडी स्वतः चालत असताना झालेल्या चुकीचा गुन्हा आत बसलेल्या माणसावर येऊ नये आणि गाडी रस्त्यावर आणणाऱ्या संस्थेने उत्तरदायी राहावे अशी मांडणी केली. आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा चालक गृहीत धरूनच लिहिलेला आहे. तो बदलायची वेळ येईल तेव्हा पडद्यासमोरच्या कामगाराला बळीचा बकरा करता येणार नाही, असे कलम हवे.

दुसरी : काम मोजा. एका व्यक्तीने एका वेळी किती गाड्या पाहायच्या, किती तासांनी विश्रांती घ्यायची, रात्रपाळीत घरी कसे पोहोचायचे, हे नियमात असावे. शंका आली की गाडी थांबवण्याचा अधिकार तिला असावा, आणि थांबवली म्हणून पगार कापला जाऊ नये.

तिसरी : चित्रांवर खुणा करणाऱ्या मुलींना कामगार म्हणून ओळख, किमान वेतन आणि संघटना करण्याचा हक्क. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांचा उल्लेख आहे. त्यात या मुली धरल्या जातात का, हे आपण लावून धरले पाहिजे.

चौथी : पायी चालणारीला आधी मोजा. कोणत्याही नव्या वाहनाला परवानगी देण्यापूर्वी त्या रस्त्यावरच्या गावांतल्या बायका कुठे, किती वाजता, काय घेऊन रस्ता ओलांडतात, हे ग्रामसभेत विचारले जावे आणि तिथे ओलांडण्याची सोय आधी व्हावी. ही मागणी तर आज माणसांनी चालवलेल्या गाड्यांसाठीही तितकीच खरी आहे.

यातली एकही मागणी संगणकतज्ज्ञांची नाही. मजुरी, विश्रांती, सुरक्षित वाट आणि चुकीची न्याय्य वाटणी या आपल्या जुन्याच मागण्या आहेत. ‘तुम्हाला त्यातले काय कळते’ हे बायकांना नेहमीच ऐकवले गेले आहे. रोजगार हमीचे मस्टर वाचायला लागलो तेव्हाही ते ऐकवले गेले. मस्टर कळायला लागले, तसे हेही कळेल.

मैत्रिणींनी आपापल्या गटांत यावर चर्चा करावी. तुमच्या भागात संगणकावर नगावर काम करणाऱ्या मुली असतील तर त्यांच्याशी बोलावे : दिवसाला किती तास, किती पैसे, चूक निघाली तर काय होते, मालक कोण. ती माहिती आपल्या अंकाकडे लिहून पाठवावी. मुलींची नावे मात्र घालू नयेत. त्यांचे काम जाता कामा नये.